लेकरू रात्री झोपत नाही? आधी श्वास मोजा



ऊस विकास खात्याच्या या पानावर बेणेप्रक्रिया, खोडवा, पाचट, खोडकिडा असेच विषय नेहमी येतात. या अंकात विषय निराळा आहे, तरी गळीत हंगामाशी त्याचे नाते जवळचे आहे. दिवाळी सरली की टोळ्या येतात, अड्ड्यावर कोप्या पडतात आणि त्याच सुमारास थंडीही पडते. पहाटे तीनला फडाची वाट धरायची, रात्री-अपरात्री गाडी भरायची. मधे जी दोन-चार तासांची झोप मिळते, तिच्यात दीड-दोन वर्षांचे लेकरू खोकून खोकून जागे राहते. आई मांडीवर घेऊन बसते. बाप म्हणतो, "गावातनं काहीतरी झोपेचं औषध आण बघू." सभासदांच्या वस्तीवरच्या पक्क्या घरातही पौष-माघात हेच चालते.

आम्ही डॉक्टर नव्हे, शेतकी पदविकेवर उसात काम करणारी माणसे. पण उगवण कमी दिसली तर आधी माती उकरून कांडी पाहायची, युरिया नंतर, एवढे खात्याने आम्हाला शिकवले आहे. लेकराच्या झोपेचेही तसेच आहे. ते झोपत का नाही हे आधी पाहायला हवे.

कारणे ढोबळ मानाने दोन. पहिले साधे. सर्दीने नाक चोंदते, आडवे केले की शेंबूड घशात उतरतो आणि खोकला येतो. अशा खोकल्याला राखणदार समजा, तो छातीत घाण उतरू देत नाही. असले लेकरू रात्री किरकिर करते, पण दिवसा खेळते, दूध पिते. दुसरे कारण वाईट. फुप्फुसात जंतूंनी घर केलेले असते, त्याला श्वास पुरत नाही, म्हणून ते झोपत नाही. याला न्यूमोनिया म्हणतात. विदर्भात आयाबाया "पोरगं डबा झालं" म्हणतात, आपल्याकडे "पोट उडतंय" म्हणतात. दोन्हींत खोकला आहे, दोन्हींत रात्रीचा जागर आहे. मग शाळा न शिकलेल्या आईने, कंदिलाच्या उजेडात, हा फरक ओळखायचा कसा?

हे कोडे गडचिरोलीच्या खेड्यांत सुटले. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. सगळा जंगलाचा मुलूख, पावसाळ्यात नाल्यांनी तुटणारी गावे, दवाखाना कोसावर. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था उभी केली. 1988 मध्ये त्यांनी बालमृत्यूंची मोजदाद केली, तेव्हा हजार जन्मांमागे 121 बाळे पहिल्या वाढदिवसाआधीच जात होती. बालमृत्यूचे एक मोठे कारण हाच न्यूमोनिया. क्ष-किरण यंत्र नाही, डॉक्टर नाही, आणि रोग तर दोन-तीन दिवसांत निकाल लावणारा.

त्यांनी उपाय काढला तो असा. 58 गावांत आयाबापांना न्यूमोनियाची खूण शिकवली. गावातलीच माणसे आणि बाळंतपणे करणाऱ्या दाया यांना श्वास मोजायला आणि गोळ्या-औषध द्यायला शिकवले. शेजारच्या 44 गावांत नेहमीची सरकारी व्यवस्था जशी होती तशीच राहिली. आपण नाही का एका सरीला नवे खत घालतो आणि शेजारची सरी तुलनेला ठेवतो, तोच प्रकार. निकाल 1990 मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात आला. औषध मिळालेल्या 612 आजारांत मृत्यूचे प्रमाण शंभरी एकाहूनही कमी म्हणजे 0.8 टक्के होते, तर दुसऱ्या गावांत ते 13.5 टक्के. पाच वर्षांखालच्या मुलांत न्यूमोनियाने होणारे मृत्यू हजारी 17.5 च्या जागी 8.1 राहिले. औषध भारी किमतीचे नव्हते, साधे को-ट्रायमोक्सॅझोल. फरक पडला तो वेळेवर ओळखल्यामुळे.

यातली आम्हाला फार आवडलेली गोष्ट म्हणजे मणी. दायांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नसे, आणि इथे तर चाळीस-पन्नास श्वास मोजायचे. मग त्यांच्यासाठी एक साधन केले. एका मिनिटात खाली येणारी वाळूची घडी आणि सोबत मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेले मणी सरले, तर न्यूमोनिया समजायचा. अंगठा उठवणारी दाई या जोरावर रोगाचे निदान करू लागली. पदवीवाल्यांनी यावर नाके मुरडली असतील तर नवल नाही, पण आकडे वर दिलेच आहेत.

आता मण्यांऐवजी खडे घ्या आणि वाळूऐवजी मोबाईलमधली घड्याळे. लेकरू शांत असताना, शक्यतो झोपेत किंवा मांडीवर निवांत असताना, अंगातला कपडा वर करून पोट-छाती उघडी ठेवा. पोट वर आले की एक श्वास. दहा झाले की एक खडा बाजूला. पूर्ण एक मिनिट मोजायचे, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची घाई नको. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चार खडे, म्हणजे 40 श्वास, किंवा जास्त झाले तर श्वास जलद आहे. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला पाच खडे, म्हणजे 50. दोन महिन्यांच्या आतल्या तान्ह्याला सहा, म्हणजे 60. रडत असेल, नुकतेच अंगावर पिऊन झाले असेल तर थांबा. ताप चढलेला असला की श्वास आपोआप वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा एकदा मोजा. पण ताप उतरतच नसेल तर वाट पाहत बसू नका.

श्वास जलद निघाला तर त्याच दिवशी आशाताई, उपकेंद्र नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल तर सरळ दवाखाना. आणि काही खुणा अशा आहेत की सकाळपर्यंत थांबायचेच नाही. श्वास आत घेताना छाती फुगायच्या ऐवजी बरगड्यांखाली खड्डा पडतो. नाकपुड्या फुलतात, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतो. ओठ-जीभ निळसर दिसतात. पाणी, दूध काहीच घेत नाही, घेतलेले सगळे ओकते. झटका येतो. यांतले एक जरी दिसले तरी 108 ला फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका 2014 पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. ती येईपर्यंत लेकराला आडवे दाबून झोपवू नका. ते ज्या बसण्यात सुखाने श्वास घेते तसेच कडेवर किंवा मांडीवर धरा.

इथे एक गोष्ट जरा ठासून सांगायला हवी. रात्रभर रडणारे, धापणारे लेकरू पहाटे एकदम गप्प पडले, तर "आता आराम पडला, झोपलं बिचारं" असे समजून आया पांघरूण घालतात. झोप असेल तर हलवल्यावर ते चिडेल, तोंड वळवेल, अंगावर पिईल. हलवूनही ढिले पडून राहिले, डोळे उघडून ओळख देत नसेल, तर ते दमून गळाले आहे. त्याला झोप समजू नका.

झोपेच्या औषधाची भीती आम्हाला वाटते ती यासाठीच. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया एकेकाळी तान्ह्याला अफूची बाळागोळी देऊन जात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पाळणाघर नव्हते आणि भोंगा थांबत नव्हता. पण श्वास आधीच अपुरा असलेल्या लेकराला गुंगी दिली की उरलेला श्वासही मंदावतो. आजच्या दुकानातल्या सर्दी-खोकल्याच्या बाटल्यांतही गुंगी आणणारी औषधे असतात. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे एकत्रित औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये काढला. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तर नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या एका सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. वीसहून अधिक लेकरे मूत्रपिंडे निकामी होऊन गेली. त्यांतली कित्येक उपचारासाठी नागपूरच्या दवाखान्यांत आणलेली होती. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाचपर्यंतही साधारणपणे टाळावीत, असे केंद्राच्या आरोग्य खात्याने तेव्हा पुन्हा कळवले. तेव्हा मोठ्या भावाची उरलेली बाटली धाकट्याला पाजू नये. पोटावर बिब्बा घालणे, तापलेल्या सळईने डागणे हे तर अजिबात नको. डबा त्याने उतरत नाही, वर जखम मात्र होते.

मग श्वास बरा आहे, छाती आत ओढत नाही, नुसती सर्दी आणि खोकला आहे, अशा लेकराला झोपवायचे कसे? आधी नाक मोकळे करा. पेलाभर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ विरघळवा, स्वच्छ कापसाच्या बोळ्याने दोन-दोन थेंब नाकपुडीत सोडा, मिनिटभराने मऊ फडक्याच्या सुरळीने शेंबूड टिपून घ्या. हे अंगावर पाजण्याआधी आणि निजवण्याआधी करायचे, पाणी रोज नवे करायचे. नुसत्या एवढ्याने निम्म्या लेकरांची रात्र निभावते असे आयाबायांकडूनच ऐकतो. पाजणे बंद करू नका, थोडे थोडे आणि जास्त वेळा द्या. कोमट पाणी, भाताची पेज, वरणाचे पाणी चालते. एक वर्षाच्या पुढचे असेल तर निजताना अर्धा ते एक चहाचा चमचा मध द्यावा. साखर कारखान्याच्या पत्रिकेत मधाची तारीफ केल्याबद्दल संचालक मंडळ रागावणार नाही अशी आशा आहे! इस्राएलमध्ये एक ते पाच वर्षांच्या 300 मुलांवर करून पाहिलेला हा प्रयोग 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. खजुराच्या रसापेक्षा मधाने रात्रीचा खोकला जास्त कमी झाला आणि आईबापांनाही झोप मिळाली. मात्र एक वर्षाच्या आत मधाचे बोट सुद्धा चाटवू नये. त्यात कधी कधी असे जंतू असतात की तान्ह्याचे अंग लुळे पडते.

खोकला फार आला की उचलून खांद्यावर उभे धरा, पाठीवरून हात फिरवा. कानटोपी, मोजे घाला, पण छाती-पोट आवळून गुंडाळू नका, त्याला पोट हलवायला जागा हवी. उकळत्या पाण्याची वाफ देऊ नका. कोपीच्या एवढ्याशा जागेत पातेले कलंडले तर खोकल्यापरीस भाजणे भारी पडते. कापराचे मलम दोन वर्षांखाली लावू नये, नाकाला तर कोणत्याच वयात नाही.

आणि धूर. आमच्या मते निम्मे भांडण धुराशीच आहे. कोपीला खिडकी नाही, दाराशी चूल, तिच्यात ओले पाचट आणि वाढे, वर डासांसाठी कडुनिंबाचा पाला नाहीतर कॉइल, शेजारी कुणाची तरी बिडी. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मोहफुलाच्या दिवसांत झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, गावोगाव धूर तरंगतो. चंद्रपूर शहराला तर 2009 मध्येच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषित ठिकाणांत धरले होते. चुलीच्या धुराने लहान मुलांचा न्यूमोनिया वाढतो हे जगभर दिसून आले आहे. ग्वाटेमाला देशात उघड्या चुलीच्या जागी धुराडे असलेली चूल बसवल्यावर जोराच्या न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे तिसऱ्या हिश्शाने घटले. कोपीत धुराडे बसणार नाही हे आम्हालाही कळते. पण चूल कोपीच्या बाहेर, वाऱ्याच्या उलट अंगाला घालता येते. लेकरू निजण्याआधी तासभर स्वयंपाक उरकता येतो. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावता येते.

इतर दोन-तीन गोष्टी थोडक्यात. चांगले खेळणारे लेकरू शेंगदाणा, हरभरा, चिंचोका तोंडात घालून एकाएकी ठसकले आणि नंतर शिटीसारखा श्वास घेऊ लागले, तर दाणा श्वासनळीत अडकला आहे. घरी उपाय नाही, दवाखाना गाठा. मध्यरात्री कुत्रे भुंकल्यासारखा खोकला आणि आत घेताना घरघर असेल तरी तेच. दोन आठवड्यांवर खोकला हटला नाही तर क्षयाची तपासणी करून घ्या. थंडीत दरवेळी छाती वाजत असेल तर दमा असू शकतो, त्याचे औषध वेगळे असते.

सरकारची न्यूमोनियाविरोधी 'सांस' मोहीम 2019 मध्ये सुरू झाली. ती 12 नोव्हेंबर ते 28 फेब्रुवारी अशी असते, म्हणजे नेमकी आपल्या हंगामाच्या भरात. तिच्यात आशाताईला अमोक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन लेकराला पुढे पाठवता येते. न्यूमोनियाची पीसीव्ही लस 2021 पासून देशभर मोफत आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी तीनदा. टोळी गाव सोडते तेव्हा डोस चुकतात. तेव्हा मुकादमांना विनंती की उचल देताना लसीचे कार्डही सोबत घ्यायला सांगावे. आणि गटातल्या चिटबॉयनी वहीच्या पहिल्या पानावर, गाडी क्रमांकांच्या वर, अड्ड्याजवळच्या आशाताईचा नंबर, आरोग्य केंद्राचा रस्ता आणि रात्री निघू शकेल अशा एका सभासदाच्या जीपचा नंबर लिहून ठेवावा.