इंजिनीअर झाल्यावर एमबीबीएस

इंजिनीअरिंग केलं म्हणजे डॉक्टर होण्याचा रस्ता बंद झाला, ही समजूत चुकीची आहे. एमबीबीएसचा प्रवेश ‘नीट’मधून (देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) होतो आणि तिला कमाल वयाची अट नाही. बारावीला जीवशास्त्र नसेल, तर मान्यताप्राप्त मंडळाकडून तो जादा विषय घेऊन उत्तीर्ण होता येतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये तशी मुभा दिली. मात्र बी.ई.चे गुण इथे धरत नाहीत, थेट दुसऱ्या वर्षालाही बसता येत नाही. कोल्हापूरचं तिकीट नाशिकच्या एसटीत चालत नाही, नवं काढावं लागतं, तसंच हे. नीटच्या ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे असतात. त्यामुळे भौतिकशास्त्र पक्कं असलेल्या इंजिनीअरनेही आधी पेशी, वनस्पती आणि शरीररचनाच हाती घ्यावी. अर्जापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.