लाइट गेली की रेडिओ स्वच्छ का लागतो?

नातेपुत्याच्या एका शिक्षकांनी आम्हांला एक प्रश्न विचारला. संध्याकाळी घरात मध्यम लहरींवरचा रेडिओ लावला, की त्यात एकसारखी घरघर येते. लाइट गेली, की सेलवर चालणारा तोच रेडिओ एकदम स्वच्छ लागतो. असे का? उत्तर सांगण्याऐवजी आम्ही त्यांना विद्यार्थ्यांकडूनच शोध घ्यायला सुचवले. मुलांनी घरातील सगळी बटणे बंद केली आणि एकेक उपकरण पुन्हा सुरू करून पाहिले. पंख्याने काही बिघडले नाही. मोबाइलचा एक स्वस्त चार्जर लावताच मात्र घरघर सुरू झाली. दुसरा, त्याहून थोडा जड चार्जर लावला तर रेडिओ जवळजवळ शांत! दोन्ही चार्जर फोनला ५ व्होल्टच देत होते. मग फरक कशात होता?

गोंगाट येतो कोठून?

पूर्वी रेडिओच्या एलिमिनेटरमध्ये लोखंडी पट्ट्यांचा जड ट्रान्सफॉर्मर असे. तो ५० हर्ट्झवर चाले. वारंवारता वाढवली, की तेवढीच शक्ती बऱ्याच लहान ट्रान्सफॉर्मरमधून नेता येते. आजचा चार्जर, एलईडी दिवा आणि संगणकाचा पॉवर सप्लाय याच तत्त्वावर चालतात. २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून आधी सुमारे ३२५ व्होल्टची एकदिश वीज तयार होते (२३० ला २ च्या वर्गमुळाने गुणून पाहा). मग मॉस्फेट नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच ती वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. म्हणूनच याला स्विचिंग पॉवर सप्लाय म्हणतात.

समजा, हा वेग ६६ किलोहर्ट्झ आहे. एवढ्या वारंवारतेचा आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही. पण एकदम चढणाऱ्या आणि एकदम उतरणाऱ्या तरंगात मूळ वारंवारतेच्या पटीही असतात : १३२, १९८, २६४... बारावी पट ७९२ किलोहर्ट्झ. आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा मध्यम लहरींवरचा हा ओळखीचा आकडा! त्यात एकदिश केलेल्या विजेत १०० हर्ट्झचा चढउतार थोडा उरतोच. त्याची छाप या पटींवर पडते आणि रेडिओतून घरघर ऐकू येते.

गळतीचे गणित

स्विचवरचा दाब ५० नॅनोसेकंदांत ३०० व्होल्टने बदलला, असे धरू. म्हणजे बदलाचा वेग मायक्रोसेकंदाला ६,००० व्होल्ट झाला. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांत तारेचा जोड नसतो, पण दोन वाहक जवळ आले, की त्यांच्यात थोडी धारिता असतेच. ती केवळ १० पिकोफॅरड मानली, तरी क्षणभर वाहणारा प्रवाह (धारिता × दाब बदलण्याचा वेग) ६० मिलिअँपिअर भरतो. हा प्रवाह फोनच्या वायरीत शिरतो, आणि ती वायर नकळत एरियल बनते.

विजेचा प्रवाह जेथून निघतो तेथे परत येतोच. जवळची वाट नसेल, तर तो घरातील वायरिंग, जमीन आणि हवेतील धारिता यांतून लांबचा वळसा घेऊन परततो. म्हणून गोंगाट कमी करण्याचे मुख्य सूत्र एकच : त्याला उगमाजवळच परतीची आखूड वाट द्यायची.

उपाय

पहिला उपाय फुकटाचा आहे. स्विच, ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर यांमधून जाणारे प्रवाहाचे वेटोळे जितके लहान, तितके उत्सर्जन कमी. त्यासाठी हे भाग सर्किटच्या पट्टीवर जवळजवळ बसवावे लागतात.

दुसरा उपाय म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंमध्ये एक छोटा, खास सुरक्षित जातीचा कपॅसिटर. तो गळालेल्या प्रवाहाला लगेच माघारी पाठवतो. अर्थिंग नसलेल्या चार्जरवर फोन लावला असता कधीकधी धातूच्या कडेला बारीक मुंग्या जाणवतात, त्या याच कपॅसिटरमुळे.

तिसरा उपाय फेराइटवर गुंडाळलेला चोक. दोन्ही तारांत एकाच दिशेने जाणाऱ्या गोंगाटाला तो अडवतो. जाऊन-येऊन असणाऱ्या कामाच्या प्रवाहाला अडवत नाही, कारण त्याची दोन चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना छेदतात. काही केबलींवर दिसणारा फुगीर गोळा असाच फेराइटचा असतो.

स्विच सावकाश चालवला तर? अगदी वरच्या पटी कमी होतात, पण मध्यम लहरींवर फारसा फरक पडत नाही आणि स्विच मात्र जास्त तापतो. तेथे चोक आणि कपॅसिटरच हवेत. स्वस्त चार्जरमध्ये नेमके हेच भाग गाळलेले असू शकतात. फोन तरीही चार्ज होतो. नुकसान सोसतो तो शेजारचा रेडिओ.

खोडदचे कान

आणि केवळ रेडिओच नव्हे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या अतिक्षीण लहरी टिपतात. मानवनिर्मित गोंगाट कमी असणे हे ती जागा निवडण्याचे एक कारण होते. तेथील शास्त्रज्ञांना अशा गोंगाटाशी सतत झगडावे लागते. आपल्या घरात वाचवलेल्या चोकची किंमत अशी कोणीतरी दुसराच मोजत असतो.

वर्गात करून पाहा

सेलवर चालणारा मध्यम लहरींचा रेडिओ दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा. फोन जोडलेला चार्जर सुरू करून रेडिओ हळूहळू दूर न्या. घरघर किती अंतरावर थांबते ते सेंटिमीटरमध्ये नोंदवा. निरनिराळ्या चार्जरांचा आणि एलईडी दिव्यांचा तक्ता करा. रेडिओ जागच्या जागी फिरवून दिशेचा परिणामही पाहा. मात्र चार्जर कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब शिल्लक असू शकतो. कवच न उघडताही त्याच्या आत काय गाळले आहे याचा अंदाज विद्यार्थ्यांना बांधता येईल.