पक्ष आणि माणूस

मतदानयंत्रावर प्रत्येक उमेदवाराचे नाव असते आणि नावासमोर चिन्ह असते. नाव माणसाचे, चिन्ह बहुधा पक्षाचे. दाबावयाचे बटण मात्र एकच. मतदाराचा खरा पेच येथेच आहे. ज्या पक्षाची धोरणे त्याला पटतात, त्या पक्षाचा उमेदवार कधी कधी सचोटीचा नसतो. आणि ज्याच्या सचोटीविषयी कोणालाही शंका नाही, तो दुसऱ्याच पक्षाचा असतो. अशा वेळी मत कोणाला द्यावे?

पक्षाचे महत्त्व कमी नाही. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ सदस्य निवडून येतात. बहुमतासाठी किमान १४५ जणांनी एकत्र यावे लागते. एकटा सज्जन कितीही तळमळीचा असला, तरी तो एकट्याच्या बळावर कायदा करू शकत नाही. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार, पक्षाचा आदेश मोडून सभागृहात मत देणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. म्हणून माणसाला दिलेले मत त्याच्या पक्षालाही पोहोचते.

परंतु माणसाचे महत्त्वही तितकेच आहे. सभागृहात कोणते प्रश्न विचारावेत, स्थानिक विकासनिधीतून कोणती कामे सुचवावीत, दाराशी आलेल्या गरिबाचे गाऱ्हाणे ऐकावे की नाही, हे पक्षाचा आदेश ठरवीत नाही. ते प्रतिनिधीचे शील ठरविते. धोरण कितीही उत्तम असले, तरी ते अखेर माणसांच्याच हातून पार पडते.

एखाद्या दुष्काळी गावातील शेतकऱ्याचे उदाहरण घ्या. कालवा काढण्याचे वचन देणाऱ्या पक्षाला त्याचे घराणे दोन पिढ्या मत देत आले आहे. यंदा त्या पक्षाचा उमेदवार सार्वजनिक पैशाच्या अपहाराबद्दल दोषी ठरलेला आहे. समोरचा उमेदवार निष्कलंक आहे. पण त्याच्या पक्षाला कालवा नको आहे. पहिल्याला मत द्यावे, तर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यासारखे होते. दुसऱ्याला द्यावे, तर कालव्याची आशा दुरावते. दोन्हीकडे काहीतरी गमवावेच लागते.

येथे शेतकऱ्याने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. उमेदवाराचा दोष किरकोळ आहे, की पक्षाचे वचनच पोकळ करणारा आहे? कालव्याचा पैसाच जर वाटेत मुरणार असेल, तर वचनाला अर्थ तो काय? दुसरा प्रश्न निष्ठेचा. कोणीही उभा केला तरी मते मिळणारच, अशी खात्री झालेला पक्ष चांगली माणसे कशाला शोधील? एखाद्या वेळी मत नाकारणे हा पक्षद्रोह नव्हे. कित्येकदा ती पक्षाला दिलेली हितकर ताकीद असते.

हा निवाडा ऐकीव गोष्टींवर करू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निर्णयामुळे उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण व आपल्यावरील फौजदारी खटले यांची माहिती जाहीर करावी लागते. मात्र खटला असणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. कोणताच उमेदवार पसंत नसेल, तर तसे नोंदविण्याची सोय २०१३ पासून आहे. पण विधानसभेच्या निवडणुकीत त्यामुळे सर्वाधिक मते मिळविणाऱ्या उमेदवाराचा विजय थांबत नाही.

पक्षनिष्ठा आणि सचोटी एकाच ठिकाणीही नांदू शकतात. साध्या राहणीसाठी ओळखले जाणारे गणपतराव देशमुख १९६२ ते २०१४ या काळात सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झाले. त्यांचा शेतकरी कामगार पक्ष पुढे लहान होत गेला, तरी त्यांनी तो सोडला नाही. १९७२ आणि १९९५ साली मात्र त्यांनाही पराभव पाहावा लागला. मतदार दर वेळी नव्याने तोलून पाहतो, तो असा.

मत गुप्त असते, म्हणून ते देताना भय बाळगण्याचे कारण नाही. परंतु इतरांपासून गुप्त असलेले मत स्वतःच्या विवेकापासून लपत नाही. त्या विवेकाला पटेल असे मत देणे, हेच नागरिकाचे कर्तव्य होय.