उसाचा काटा आणि पोलादाची स्प्रिंग



गळीत हंगाम सुरू झाला की गटागटांतून एकच प्रश्न कानावर येतो, "साहेब, काटा बरोबर हाय का?" प्रश्न रास्त आहे. वर्ष-दीड वर्ष सांभाळलेल्या उसाचे पैसे त्या एका आकड्यावर ठरतात. तो आकडा येतो कुठून, हे कळायचे तर आधी पोलादाच्या स्प्रिंगची ओळख करून घ्यावी लागते.

रानात नमुन्याची मोळी तोलायला आम्ही जो स्प्रिंगचा काटा टांगतो, त्याला शाळेच्या पुस्तकात ताणकाटा म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेत स्प्रिंग टांगतात, खाली वजने अडकवतात आणि शेजारी पट्टी धरतात. एक किलोला दोन सेंटिमीटर ताणली तर दोन किलोला चार, तीनला सहा. हा हिशेब रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली मांडला. वजन काढले की स्प्रिंग मूळ जागी परत येते, ही यातली खरी गोम. ती परत येत नसती तर दुसरी मोळी तोलताच आली नसती.

हीच स्प्रिंग भूकंपही मोजते. भूकंपमापकात स्प्रिंगने धरलेले वजन असते. जमीन हलते, वजन जागीच राहू पाहते, आणि दोहोंतला फरक नोंदला जातो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला जो भूकंप झाला, त्याचा हिसका धरणावरच्या यंत्राने नोंदवला, तो गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट भरला. पाटण तालुक्यातल्या जुन्या माणसांना ती पहाट सांगायला नको. ती नोंद पुढे जगभरच्या धरण अभियंत्यांनी अभ्यासली.

पण स्प्रिंगला हद्द असते. हद्दीपलीकडे ताणली की ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही, तिचा काटा मग रिकामाच वजन दाखवतो. ट्रकचे पाटे म्हणजे चपट्या स्प्रिंगाच. जादा ऊस भरून भरून पाटे बसतात, कमान सपाट होते, आणि मग खड्ड्यात पाटा तुटला की ड्रायव्हर रस्त्याला दोष देतो! कोपऱ्यावर उलटलेली उसाची गाडी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे.

आता गाडीचा काटा. जुन्या काट्याखाली तरफांची जुळणी असे. आजच्या इलेक्ट्रॉनिक काट्याखाली लोडसेल असतात. लोडसेल म्हणजे पोलादाचा भरीव ठोकळा, पण काम स्प्रिंगचेच. ओझे आले की तो दबतो. किती? दहा सेंटिमीटर उंचीचा ठोकळा पूर्ण भाराला सुमारे एक दशांश मिलिमीटर, डोळ्याला दिसणारही नाही. त्याला चिकटवलेल्या बारीक तारेच्या जाळीचा विद्युतरोध त्या दाबाने बदलतो आणि त्यावरून आकडा उमटतो. म्हणजे शाळेतला नियम आणि आपल्या बिलाचा नियम एकच.

यात चूक कुठे शिरते? प्लॅटफॉर्म आणि चौकटीच्या फटीत चिखल, पाचट अडकले तर थोडे ओझे चौकटीवर जाते आणि वजन कमी दिसते. पावसाळी सुरुवातीला याकडे जास्त लक्ष हवे. दुसरे असे की स्प्रिंग मोजते ती पृथ्वीची ओढ, आणि ती सगळीकडे सारखी नसते. विषुववृत्तावर वीस टन भरणारा माल त्याच स्प्रिंगवर ध्रुवाजवळ शंभर किलोने जास्त दिसेल. ध्रुवावर ऊस पिकत नाही ही गोष्ट वेगळी! पण म्हणूनच काटा जिथे बसवला तिथेच प्रमाणित वजने ठेवून जुळवावा लागतो. वैधमापन खात्याची पडताळणी व मुद्रांकन दरवर्षी होते. त्याचे प्रमाणपत्र पाहायला मागण्यात संकोच कसला? काटा तुमचाच आहे.

गाडी चढण्याआधी आकडा शून्य आहे ना ते पाहावे. शून्य नसेल तर वजन थांबवायला सांगावे. सगळी चाके प्लॅटफॉर्मवर आली, गाडी पूर्ण थांबली आणि आकडा स्थिर झाला, मगच नोंद घ्यावी. आणि खाली झालेली गाडीही त्याच काट्यावर तोलून घ्यावी, मागच्या खेपेचे रिकामे वजन चालवून घेऊ नये.