आधी परवानगी, मग प्रश्न

बालपणी अत्याचार सोसलेली व्यक्ती मोठेपणी दवाखान्यात येते ती बहुधा दुसरीच तक्रार घेऊन: झोप लागत नाही, छाती धडधडते, जीव नकोसा झालाय. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १२,४४७ मुलांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी लैंगिक अत्याचाराचा एखादा तरी प्रकार सोसल्याचे सांगितले होते, आणि अत्याचार करणाऱ्यांत ओळखीची, भरवशाची माणसे बरीच होती. ती मुले आज पंचविशी-तिशी ओलांडत आहेत. ज्यांना आपुलकीच्याच माणसाने फसवले, त्यांच्यासमोर सिस्टरचा गोड आवाज पुरेसा ठरत नाही. उलट गोड बोलण्याचीच त्यांना धास्ती असते. त्यांचा विश्वास बसतो तो स्वतःच्या शरीरावर आणि बोलण्यावर आपलाच ताबा आहे, हे अनुभवल्यावर. म्हणून बीपीचा पट्टा बांधण्याआधी विचारायचे, पडदा ओढू की राहू देऊ हे त्यांनाच ठरवू द्यायचे, अकराला येते म्हटले तर अकरालाच यायचे.

सोलापुरात विश्वासाच्या या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इथे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरे आहेत, आणि रुग्णाचे म्हणणे सांगायला सोबतचा नातेवाईकच पुढे होतो. तोच अत्याचार करणारा किंवा त्याला पाठीशी घालणारा असू शकतो. तेव्हा भाषा जाणणारी दुसरी परिचारिका शोधून रुग्णाशी एकांतात बोलणे, हा माझ्या मते उपचाराचाच भाग आहे.

सिव्हिल हॉस्पिटलच्या गर्दीत एवढा वेळ कुठला, असे कुणी म्हणेल. परवानगी विचारायला काही क्षण पुरतात; मात्र रोज तीच परिचारिका भेटावी, ही व्यवस्था प्रशासनाने करायची आहे, तिचा भार परिचारिकेवर टाकणे अन्याय आहे. इतिहास कळल्याशिवाय उपचार कसे, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रश्न जरूर विचारावा, पण ‘आज सांगायचे नसेल तरी चालेल’ हे आधी सांगून. तपशील खोदून काढण्याची घाई जुनी जखम पुन्हा उघडते. सर्वांत अवघड मुद्दा गोपनीयतेचा. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तिची हमी देतो. पण एखादे मूल आजही त्याच माणसाच्या तावडीत असल्याचे कळले, तर पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवावेच लागते. म्हणून ‘कुणालाच सांगणार नाही’ असे वचन परिचारिकेने देऊ नये. काय गुप्त राहील, काय राहणार नाही, हे रुग्णाने तोंड उघडण्याआधीच त्याला सांगावे. त्यामुळे काहीजण त्या दिवशी गप्प राहतील. तो त्यांचा हक्क आहे.