अहिल्या : एका नावाचा मागोवा
31 मे 2025 रोजी चौंडीच्या माणकोजी शिंद्यांच्या कन्येच्या, म्हणजे अहिल्याबाई होळकरांच्या, जन्मास तीनशे वर्षे पुरी झाली. तत्पूर्वीच अहमदनगरचे अहिल्यानगर झाले होते, सोलापूरच्या विद्यापीठाने 2019 सालीच ते नाव धारण केले होते, आणि 'पुण्यश्लोक' या उपाधीवाचून त्याचा उच्चार करणे ही जणू बेअदबी ठरू लागली होती. या जयघोषात मला सलते ते एवढेच, की माझ्या आप्तेष्टांत आणि शेजारपाजारात अहिल्या नावाची एकही मुलगी नाही.

हे नाव मूळ गौतमपत्नीचे. जिच्या ठायी वैरूप्य नाही ती अहल्या, असा त्याचा अर्थ रामायणाच्या उत्तरकांडात खुद्द ब्रह्मदेवाच्या मुखी घातला आहे; परंतु लोकांनी अर्थ सोडून शिळा होण्याचा शाप तेवढा ध्यानात ठेवला. तो कलंक धुतला मल्हारराव होळकरांच्या सुनेने. 1754 साली कुंभेरीस पती पडला, 1766 साली सासरे निवर्तले, वर्षभरात पुत्रही गेला. तेव्हापासून 1795 पर्यंत महेश्वरी राहून जिने दौलतीचा जमाखर्च जातीने पाहिला, काशीविश्वेश्वराचे देवालय नव्याने उभविले आणि हुकूमनामे श्रीशंकराच्या नावे सोडले, तिच्यामुळे हे नाव आदराने घेण्याजोगे झाले. पुढचे शतक-दीड शतक पुतळ्यांचे आणि धर्मशाळांवरील शिलालेखांचे. ते ओलांडून जावे हे बरे.

मी इंदुरात काढले ते 1980 नंतरचे दशक. श्रावण वद्य चतुर्दशीच्या, म्हणजे अहिल्याबाईंच्या पुण्यतिथीच्या, पालखीस वृद्ध मंडळी 'बाईंची पालखी' म्हणत, आणि त्या एका शब्दात दरारा व जिव्हाळा दोन्ही मावत. 1984 साली होळकरांचा राजवाडा जळाला. 1988 साली तेथील विद्यापीठ 'देवी अहिल्या विश्वविद्यालय' झाले. त्याच सुमारास आमच्या घरी बारसे होते व 'अहिल्या' हे नाव मुक्रर झाले होते, तोच, बाईंच्या पुण्यतिथीस दरसाल तासभर भाषण ठोकणारे एक मान्यवर पेढा चघळत उद्गारले, "पोरीची शिळा करायची आहे काय?" झाले! आत्याबाई कचरल्या आणि मुलीचे नाव ठेवले शिल्पा. (शिळेच्या धास्तीने शिल्पा, हा विनोद त्या सभेत एकालाही उमगला नाही.)

त्या गृहस्थांनी जे शापाचे भय घालून साधले, तेच आजचे राज्यकर्ते 'देवी' म्हणून साधीत आहेत. बाईंना मखरात बसवले की त्यांचे नाव हाक मारण्याच्या कामाचे उरत नाही. ज्यांच्या घरी यंदा पाळणा बांधला जाणार आहे, त्यांनी सगळ्या उपाध्या दाराबाहेर ठेवून, आत्याबाईंकरवी मुलीच्या कानात नुसते 'अहिल्या' म्हणून कुर्र करवावे, एवढी विनंती आहे.