देशसंधी : परदेशी निघालेल्यांच्या मनःस्वास्थ्याचा विचार

श्रावण उजाडला की परदेशी शिक्षणास निघालेली मुले व त्यांचे पालक आपल्या चिकित्सालयांत आणि औषधालयांत येऊ लागतात. "तिकडे थंडी फार, काहीतरी देऊन ठेवा," एवढीच त्यांची मागणी असते. आपणही सर्दी, पोट आणि झोप यांची औषधे बांधून देतो. परंतु तेथे गेल्यावर मन लागले नाही तर काय करावे, हे कोणी विचारीत नाही आणि आपणही सांगत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या नेहमीच्या रुग्णकुटुंबातील एक तरुण जर्मनीत म्युनिक येथे गेला. कार्तिकात त्याचा दूरध्वनी आला. मलावरोध, अन्नावर वासना नाही, पहाटे तीनला जाग. शीत देश, प्रवास, रूक्ष आहार. आम्ही वातप्रकोप ठरवून सोबत दिलेली त्रिफळा व अश्वगंधा घेण्यास सांगितले. तीन आठवड्यांत उतार पडला नाही. पुढे त्याच्या आईकडून कळले की तो शिक्षण सोडून परतण्याच्या विचारात आहे. तेव्हा आम्ही त्याला प्रथमच विचारले, "जेवतोस कोणाबरोबर?" तो म्हणाला, "एकटाच, डॉक्टरकाका. फोनवर घरचे दिसत असतात." मित्रांविषयी विचारता म्हणाला, "कोणाचाच निरोप घेतला नाही. रडू आलं असतं." आमचे निदान चुकले नव्हते, अपुरे होते. दोष ओळखला, हेतू विचारलाच नव्हता.

शास्त्रविचार

घराच्या ओढीला पाश्चात्त्य वैद्यकाने एके काळी स्वतंत्र व्याधी मानले होते. बाझेल येथील योहानेस होफर याने 1688 साली आपल्या प्रबंधात स्वदेशापासून दूर असलेल्यांच्या या पीडेचे वर्णन केले आणि 'परतणे' व 'वेदना' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून 'नॉस्टॅल्जिया' हे नाव घडविले. रुग्णास मायदेशी धाडणे हा त्याच्या मते खरा उपाय. आज ही ओढ व्याधी मानली जात नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र तिची उपेक्षा झाल्यास ती व्याधीचे कारण होऊ शकते. चरकाचार्यांनी रोग वाढविणाऱ्या भावांत विषादाला अग्रस्थान दिले आहे, आणि शोकज अतिसार आपण सर्वांनी अभ्यासलेला आहे.

वाग्भटाचार्यांचा ऋतुसंधीचा उपदेशही येथे आठवावा. सरत्या ऋतूचे शेवटचे व येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस, असे चौदा दिवस जुना विधी क्रमाने सोडावा व नवा क्रमाने धरावा. एकाएकी केल्यास असात्म्यज रोग होतात. ऋतू पालटताना एवढी काळजी, तर देश पालटताना किती घ्यावी? विमान रात्रभरात माणसाला नेते. सात्म्य तितक्या वेगाने बदलत नाही. या संक्रमणकाळास आम्ही 'देशसंधी' म्हणतो. संज्ञा ग्रंथोक्त नाही, तत्त्व मात्र ग्रंथोक्त आहे.

व्यवहारात काय करावे

चरकोक्त पादांशिक क्रम येथे उपयोगी पडतो. जुने चतुर्थांशाने सोडावे, नवे चतुर्थांशाने घ्यावे, टप्प्यांतील अंतर वाढवीत न्यावे. निघण्यापूर्वी महिनाभर तेथील न्याहारी व जेवणाच्या वेळा थोड्या थोड्या अंगवळणी पाडाव्यात. तेथे गेल्यावर एक वेळ मऊ भात, मेतकूट, तूप असे घरचे अन्न ठेवावे. दुसऱ्या वेळी तेथील अन्न, आणि तेही चारचौघांत बसून. घरी दूरध्वनी ठरलेल्या वेळी करावा, जेवताना नव्हे. प्रथम रोज, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. डिसेंबरात म्युनिकला साडेचारच्या आत सूर्य मावळतो. म्हणून सकाळच्या उजेडात चालणे आणि तिळाच्या कोमट तेलाचा अभ्यंग आवर्जून सांगावा.

निरोप हाही पथ्याचाच भाग समजावा. 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, ही आपल्याकडची रीत निरोप टाळण्यासाठी नाही, निरोप सोसवण्यासाठी आहे. जवळच्या मित्रांना एकेकटे भेटावे, जे सांगायचे ते सांगावे, रडू आले तर येऊ द्यावे. आमच्या सांगण्यावरून त्या तरुणाने चार मित्रांना दूरध्वनी केले. त्याच्या निघण्याच्या संध्याकाळी त्यांतील एक जण नेहमीच्या कट्ट्यावर रात्रीपर्यंत वाट पाहत बसला होता, हे त्याला तीन महिन्यांनी कळले. दोघेही रडले. त्यानंतर हळूहळू झोप सुधारली. सामायिक स्वयंपाकघरात तो इतरांबरोबर जेवू लागला, आणि शिक्षण पुरे झाले. घराची ओढ गेली नाही. तिने अन्न-निद्रा हरण करणे मात्र थांबविले.

औषधालयांसाठी

मोकळ्या पुड्या बांधून देऊ नयेत. मूळ वेष्टन, घटकपत्र व वैद्याची चिठ्ठी सोबत असावी. भस्मे व रसकल्प प्रवासी विद्यार्थ्यास स्वतःच्या मर्जीने घेण्यासाठी देऊ नयेत. 2004 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या बोस्टन परिसरातील पाहणीत 70 पैकी 14 आयुर्वेदीय उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले होते, हे विसरून चालणार नाही. डेन्मार्कने 2023 साली अश्वगंधेवर बंदी घातली. सबब त्या त्या देशाचा नियम पाहूनच औषध द्यावे.

मर्यादा

दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत खिन्नता, वर्गात जाणे बंद होणे किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आढळल्यास ही केवळ घराची ओढ नव्हे. अशा वेळी चूर्ण सुचवीत बसू नये. विद्यापीठातील समुपदेशक व मानसरोगतज्ज्ञ यांच्याकडे त्वरित पाठवावे. युरोपीय संघातील देशांत आणीबाणीसाठी 112 हा क्रमांक आहे. तो निघण्यापूर्वीच लिहून द्यावा.

पुढील वेळी कोणी "काहीतरी देऊन ठेवा" म्हणत आला, तर औषध बांधण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : तेथे जेवणार कोणाबरोबर, आणि येथे कोणाचा निरोप घ्यायचा राहिला आहे?